एका सत्रात एकच साधन: वर्गातलं तंत्रज्ञान आणि शिक्षकाची वाढ

शाळेत प्रोजेक्टर आला किंवा इंटरॅक्टिव्ह पॅनल बसलं की 'आता यावर काय दाखवायचं' असा प्रश्न पडतो. तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. आधी वर्गातली एक अडचण नक्की करावी आणि तिला लागेल तेवढंच साधन घ्यावं. ठाणे आणि नवी मुंबईतल्या पालिका, अनुदानित किंवा खासगी शाळेतल्या शिक्षकाला जून ते दिवाळी एवढ्या एका सत्रात पेलेल असं एक काम इथे पायऱ्यापायऱ्यांनी दिलं आहे. त्याला एक मोबाइल, छापील कार्डांचा संच आणि पाचशे पानी वही लागते. प्रोजेक्टर असेल तर चांगलंच, नसला तरी अर्ध्याहून अधिक काम होतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. हे तास नुसते व्हिडिओ पुढे ढकलून भरले की प्रमाणपत्र हातात येतं, पण वर्ग जिथे होता तिथेच राहतो. तेच तास स्वतःच्या वर्गातल्या एका प्रश्नाभोवती बांधले तर कोर्समध्ये ऐकलेलं दुसऱ्याच दिवशी वापरून बघता येतं.

अडचण नेमकी लिहा

'मुलं गणितात कच्ची आहेत' ही तक्रार झाली. 'सहावीतली बरीच मुलं ३.१५ ही संख्या ३.४ पेक्षा मोठी मानतात' ही अडचण. मागच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका काढा आणि सर्वांत जास्त मुलांचा चुकलेला एक प्रश्न निवडा. मग त्या प्रश्नाला मुलांनी काय काय लिहिलं ते कागदावर उतरवा. चुकीची उत्तरं विखुरलेली नसतात. दोन-तीन प्रकारांतच सगळी बसतात, आणि प्रत्येक प्रकारामागे मुलाचा एक ठाम नियम असतो.

वेळापत्रक आपल्याकडचा पाऊस आणि सण बघूनच आखा. जून प्रवेश, पुस्तकवाटप आणि माहिती भरण्यात जातो. प्रत्यक्ष सुरुवात जुलैच्या पहिल्या आठवड्यात करा. गौरी-गणपतीत कोकणातल्या घरांची मुलं गावी जातात आणि अतिवृष्टीच्या दिवशी दिवा, कळव्याकडची हजेरी अर्ध्यावर येते. त्यामुळे फेरतपासणी त्या आठवड्यांत ठेवू नका. आधी पन्नास मुलं आणि नंतर अठ्ठावीस, अशी तुलना काही सांगत नाही.

प्रश्न तयार करणं, हाच खरा कस

साधन शिकायला एक तास पुरतो. चांगला प्रश्न बनवायला आठवडा लागला तरी तो वाया जात नाही. दशांश अपूर्णांकाचंच उदाहरण घेऊ.

पहिला प्रश्न: सर्वांत मोठी संख्या कोणती? ए) ३.४, बी) ३.१५, सी) ३.०६२, डी) नक्की सांगता येत नाही.

सी निवडणारं मूल दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतं: बासष्ट, पंधरा, चार, म्हणून बासष्ट मोठे. बी निवडणारं मूल एक पायरी पुढे आहे. चिन्हानंतर लगेच शून्य आलं की संख्या लहान होते हे त्याला कळलं आहे, पण पंधरा आणि चार यांची तुलना ते अजून जुन्याच पद्धतीने करतं. दोघंही चुकली, पण दोघांना लागणारी मदत वेगळी. सी वाल्याला दशांश आणि शतांश म्हणजे काय इथूनच सुरुवात हवी. बी वाल्याकडून ३.४ म्हणजेच ३.४० हे शंभर चौकटींच्या जाळीवर रंगवून घेतलं तर बहुतेक वेळा काम भागतं.

ए निवडणाऱ्या मुलांवर मात्र लगेच खूश होऊ नका. 'जितके अंक कमी तितकी संख्या मोठी' असा नियम धरून बसलेली मुलंही इथे बरोबर ठरतात. दशांशापेक्षा शतांश लहान असतो, हे अर्धवट कळल्यामुळे तो नियम तयार होतो. म्हणून दुसरा प्रश्न लागतोच: २.५, २.५७ आणि २.५०७ यांत मोठी संख्या कोणती? पहिल्यात बरोबर येऊन दुसऱ्यात २.५ म्हणणारी मुलं सापडली की त्यांची वेगळी यादी करा. एकच प्रश्न विचारला असता तर ही मुलं 'समजलं' या रकान्यात गेली असती.

इथे रुपये-पैशांच्या उदाहरणाचा धोका लक्षात घ्या. पैसे नेहमी दोन अंकी लिहिले जातात, त्यामुळे ३.१५ रुपये आणि ३.४० रुपये यांत मूल चुकत नाही आणि चुकीचा नियम झाकलेला राहतो. तपासणीच्या प्रश्नांत चिन्हानंतरच्या अंकांची संख्या मुद्दाम वेगवेगळी ठेवा.

विज्ञान, भूगोल, भाषा, सगळीकडे रीत हीच. चुकीचे पर्याय मनाने रचू नका, मुलांच्या वह्यांतून उचला. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यापैकी नाही' हे पर्याय टाळा, त्यांच्यातून मुलाचं डोकं दिसत नाही. 'नक्की सांगता येत नाही' हा पर्याय मात्र ठेवा. तो नसला की मुलं ठोकून देतात आणि तुमची आकडेवारी बिघडते.

कार्डांनी पूर्ण वर्ग एका मिनिटात तपासणं

'समजलं का?' विचारल्यावर येणारा 'हो सर', 'हो बाई' हा एकसुरी आवाज काहीच सांगत नाही. हात वर करायला सांगितलं की मुलं हुशार मुलाकडे बघून हात उचलतात. यावर प्लिकर्सची कार्डं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही, फक्त शिक्षकाकडे लागतो. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात इंग्रजी ए, बी, सी, डी. ज्या उत्तराचं अक्षर वर, ते त्या मुलाचं उत्तर. प्रत्येकाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही.

तयारी अशी करा. प्लिकर्सच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा आणि वर्ग तयार करा. मुलांची नावं भरू नका, हजेरी क्रमांक भरा, जसं 'सहावी अ १७'. प्रत्येक क्रमांकाला तोच कार्ड क्रमांक द्या म्हणजे वर्षभर गोंधळ होत नाही. साध्या संचात ४० कार्डं आहेत, मोठ्या संचात ६३. पट चाळीसच्या वर असेल तर सुरुवातीलाच मोठा संच छापा. ए-फोर पानावर दोन कार्डं बसतात, म्हणजे ४० कार्डांना २० पानं. कागद जाड आणि मॅट घ्या. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा झोत कार्डावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. लॅमिनेशन हवंच असेल तर मॅट फिल्म मागा.

प्रश्न फळ्यावर लिहिला तरी चालतो, पॅनल असलंच पाहिजे असं नाही. मोबाइलमधल्या ॲपवर तोच प्रश्न सुरू करा, मुलांना कार्डं धरायला सांगा आणि मोबाइल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. ज्यांची कार्डं वाचली गेली ते क्रमांक पडद्यावर उमटत जातात. ॲपला इंटरनेट लागतं, तेव्हा जिथे रेंज जाते त्या वर्गात आधी एकदा तपासून घ्या.

काय बिघडतं? बोटं काळ्या आकृतीवर येतात. कार्ड पांढऱ्या कडेला धरायची सवय पहिल्या दिवशीच लावा. पुढच्या बाकावरच्या मुलांच्या डोक्याआड मागची कार्डं जातात. पुढच्यांनी छातीशी धरायचं आणि मागच्यांनी डोक्यावर. खिडकीला पाठ करून बसलेल्या ओळीची कार्डं काळोखी दिसतात, तिथे दोन पावलं जवळ जा. आणि कार्डं मुलांच्या दप्तरात देऊ नका. पावसाळ्यात दोन आठवड्यांत त्यांचा लगदा होतो. डब्यात ठेवा आणि वाटायचं काम मॉनिटरकडे द्या.

तुर्भे, दिघा, मुंब्रा अशा भागांतल्या मराठी शाळांत घरी हिंदी, कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलंही असतात. बोलायला बिचकणारं मूल कार्ड मात्र न घाबरता वर धरतं. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हा खटाटोप करण्यासारखा आहे.

आता निकालाचं काय करायचं? हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली पद्धत शाळेतही छान बसते. पहिलं मत प्रत्येकाने एकट्याने, न बोलता द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर लगेच समजावून सांगायचं नाही. शेजारच्याला आपलं उत्तर पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि पुन्हा कार्डं धरायला लावायची. ३० च्या खाली असेल तर चर्चेतून चुकीचाच नियम पसरेल, तिथे घटक दुसऱ्या रीतीने शिकवा. ७० च्या वर असेल तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा आणि उरलेल्या मुलांना त्याच दिवशी वेगळं बसवा.

या सगळ्यात हमखास होणारी गडबड म्हणजे पहिल्या मतानंतरचा आलेख पडद्यावर दाखवणं. उंच दांडी दिसली की दुसऱ्या वेळी सगळा वर्ग तिकडे झुकतो. दुसरं मत होईपर्यंत निकाल फक्त तुमच्या मोबाइलवर राहू द्या.

मुलाची वही भिंतीवर: मोबाइलचा स्टँड

तपासणीत चूक दिसली की पुढचं काम ती चूक सगळ्यांना दाखवून तिच्यावर बोलणं. मोबाइल वहीवर उलटा धरून चित्र प्रोजेक्टरवर नेलं की बाजारातल्या महागड्या डॉक्युमेंट कॅमेऱ्याचं काम होतं.

स्टँडला लागणारं सामान: १२ मि.मी. जाडीचा प्लायवूडचा ४० × ३० सें.मी. तुकडा, ४ × २ सें.मी. जाडीच्या लाकडी पट्ट्या (एक ३८ सें.मी., एक २२ सें.मी.), तीन लोखंडी एल पट्ट्या, १२ मि.मी.चे स्क्रू आणि सायकलला लावतात तसा मोबाइल होल्डर. लांब पट्टी प्लायच्या मागच्या लांब कडेवर मधोमध उभी करून दोन एल पट्ट्यांनी बसवा. तिच्या टोकाला छोटी पट्टी पुढे येईल अशी तिसऱ्या एल पट्टीने जोडा आणि पुढच्या टोकाला खालच्या बाजूने होल्डर लावा. कॅमेरा कागदापासून साधारण ३० ते ३५ सें.मी. वर राहतो आणि ए-फोर कागद आडवा पूर्ण दिसतो. स्क्रू याहून लांब घेतले तर प्लायच्या खालून टोकं निघतात आणि बाक ओरखडतात. सकाळ-दुपार दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत वर्ग रिकामा करावा लागतो, म्हणून स्टँड कपाटात उभा राहील एवढाच ठेवावा.

मोबाइल प्रोजेक्टरला जोडताना बहुतेकांची फसगत होते ती इथे: टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॅप्टर आणला की झालं असं वाटतं, पण अनेक स्वस्त मोबाइलच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. खरेदीआधी आपल्या मॉडेलला ती सोय आहे का ते बघा. नसेल तर लॅपटॉपमार्फत जा. एससीआरसीपीवाय (scrcpy) हा मोबाइलचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम गिटहबवरच्या मूळ पानावरूनच उतरवा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करा, मग 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'यूएसबी डीबगिंग' सुरू करा, केबल जोडा, मोबाइलवर आलेल्या प्रश्नाला होकार द्या आणि लॅपटॉपवर प्रोग्राम चालवा. मोबाइलचा पडदा लॅपटॉपवर दिसू लागतो, इंटरनेट लागत नाही. काहीच झालं नाही तर आधी केबल बदला. फक्त चार्जिंग करणाऱ्या केबलमधून डेटा जात नाही. काम संपल्यावर डीबगिंग बंद करा, कारण ते चालू असताना काही बँकांची ॲप उघडत नाहीत, शिवाय शाळेच्या सामायिक संगणकावर ते उघडं ठेवणं बरं नाही.

तास सुरू करण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर घरचे व्हॉट्सॲप निरोप भिंतीवर येतात. ऑटो रोटेट बंद करा. उलट्या धरलेल्या मोबाइलला वर-खाली कळत नाही आणि चित्र मधेच फिरतं. कागदावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, म्हणजे हात हलला की चित्र धूसर होणार नाही. लिहिताना चित्र थरथरत असेल तर स्टँड एका बाकावर आणि लिहिणाऱ्याचा कोपर दुसऱ्या बाकावर, एवढी फारकत पुरते.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा? चित्राची रुंदी म्हणजे अंतर भागिले थ्रो रेशो, आणि हा आकडा माहितीपुस्तिकेत असतो. थ्रो रेशो १.५ आणि अंतर ३ मीटर असेल तर चित्र २ मीटर रुंद आणि १६:१० प्रमाणात सव्वा मीटर उंच. शेवटचा बाक चित्राच्या उंचीच्या सहापटीहून लांब नसावा, म्हणजे इथे साडेसात मीटर. मग स्वतः मागच्या बाकावर बसून वहीतलं अक्षर वाचून बघा. वाचता येत नसेल तर पूर्ण पान दाखवायचा हट्ट सोडा आणि चार ओळीच दाखवा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर प्रोजेक्टर नुसता कपाटात पडू देऊ नका; पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी चालवा, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते.

कोणाची वही दाखवायची याला एक नियम पाळा: नाव झाका आणि आदल्या दिवशी त्या मुलाला विचारा. वर्गापुढे प्रश्न 'इथे काय चुकलं?' असा नको, 'हे लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल?' असा हवा. पहिल्या प्रश्नावर वर्ग चूक पकडायला धावतो. दुसऱ्यावर विचार करतो, आणि ज्याची वही आहे तोही मान वर करून ऐकतो.

बाकीची साधनं, थोडक्यात

'फेट' (PhET) या संकेतस्थळावरच्या विज्ञान-गणिताच्या प्रतिकृती, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, मोफत आहेत, कित्येक मराठीत आहेत आणि त्या उतरवून घेतल्या की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतात. विद्युत परिपथ शिकवताना आधी खरे सेल, दिवा आणि वायर, मग प्रतिकृती. क्रम उलटा करू नका. फायफॉक्स (phyphox) हे ॲप मोबाइलमधल्या सेन्सरने आवाज, त्वरण, लंबक मोजतं, आठवी ते दहावीला फार उपयोगी. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपने स्कॅन करता येतो. आदल्या दिवशी साहित्य उतरवून स्वतः पूर्ण बघा.

चॅटजीपीटी, जेमिनाय यांच्याकडून प्रश्नांचा कच्चा मसुदा घेता येतो. पण मराठी संज्ञा पाठ्यपुस्तकाशी जुळवून घ्या, गणितं स्वतः सोडवा, आणि मुलांची नावं, गुण, आजारपण यांतलं काहीही तिथे टाकू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. हीच काळजी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आधार कार्डाचे फोटो मागवताना घ्यायला हवी.

नोंद, सोबती आणि शिक्षण परिषद

वहीत प्रत्येक तपासणीला एक पान द्या: तारीख, घटक, प्रश्न, हजर मुलं, प्रत्येक पर्यायाला किती मतं, दुसऱ्या मतात काय बदललं, त्यानंतर काय केलं आणि तीन आठवड्यांनी त्याच धर्तीच्या नव्या प्रश्नावर काय आलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो. त्याची तारीख आजच कॅलेंडरवर टाका. फेरतपासणीत तेच आकडे देऊ नका, मुलांना उत्तर पाठ झालेलं असतं.

दीक्षावरचा कोर्स निवडताना याच अडचणीशी जुळणारा निवडा. कोर्समधून घेतलेली एक गोष्ट त्या आठवड्याच्या पानावर लिहा. प्रमाणपत्रावर प्रोफाइलमधलं नाव छापून येतं, ते सेवापुस्तकाप्रमाणे आधीच दुरुस्त करा. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ श्रेणीच्या किंवा २४ वर्षांनंतरच्या निवड श्रेणीच्या प्रशिक्षणात स्वाध्याय लिहायची वेळ आली की ही वही हाताशी असते.

एकट्याने चालवलेलं काम गणपतीच्या सुट्टीत थांबतं, म्हणून एक सोबती शोधा. दोन सत्रांच्या शाळेत हे सोपं आहे: सकाळच्या सत्रातल्या बाईंनी आठवड्यातून एकदा एक तासिका थांबून दुपारचा वर्ग बघायचा आणि पुढच्या आठवड्यात उलट. बघणाऱ्याने शेरे मारायचे नाहीत. आधी ठरलेली एकच गोष्ट टिपायची, उदाहरणार्थ चर्चेच्या तीन मिनिटांत मागच्या दोन बाकांवरची मुलं नेमकं काय बोलली. वर्ग घेणाऱ्याला ते कधीच ऐकू येत नाही.

दिवाळीआधीच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे दहा मिनिटं मागून घ्या. स्लाइडचं सादरीकरण नको. एका पानावर तुमचे दोन प्रश्न, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचा मुलांचा नियम आणि आधीचे-नंतरचे आकडे छापा आणि आकडे वाढले नसतील तर तेही लिहा. मग जमलेल्या शिक्षकांच्याच हातात कार्डं देऊन पहिला प्रश्न विचारा. पानाच्या मागच्या बाजूला एक रिकामा तक्ता ठेवा, त्यात प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक नेमकी अडचण तिथेच बसून लिहायची आणि जाताना त्याची एक प्रत तुमच्याकडे द्यायची. दुसऱ्या सत्रात कोणासोबत जोडी लावायची ते त्या कागदांवरून ठरवता येतं.